बिनटोपणाचा डबा

माझा थोरला भाऊ टिनुस रूफ्स याला अख्खं हायवेल्ड गाव 'गवत्या टिनुस' म्हणायचं. नव्या माणसांना वाटायचं, हा बकरी पाळतो म्हणून गवत्या. बकरी होती आमच्याकडे, नाही असं नाही, पण तिचा या भानगडीत काडीचाही दोष नव्हता. जुन्या माणसांना कारण ठाऊक आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे. ते कुणाला सांगणार नाही, असा मी दादाला शब्द दिला होता. पण तो जाऊन आता तीन वर्षं झाली, आणि त्याचा स्वभाव मला माहीत आहे, वर पोचल्या पोचल्या त्याने स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगितलं असणार. मग मीच का म्हणून पोटात ठेवू?

दादा सिगारच्या कारखान्यात सिगारी वळायचा. दिवसाला अडीचशे. पोटात तंबाखूचा चुरा भरायचा, लाकडी साच्यात दाबायचा आणि वरून पातळ, रेशमासारखं पान असं गुंडाळायचं की सांधा शोधून सापडू नये. या कामात आमच्या अख्ख्या ब्राबांट प्रांतात त्याच्या तोडीचे दहा जण निघाले असते तर खूप. हात सोन्याचे होते. पण तेवढ्यावर भागलं असतं तर तो आमचा दादा कसला! त्याला वाटायचं की हातासारखंच त्याचं मनही त्याच्या हुकमात आहे.

"काटो," तो मला म्हणायचा, "मनाला एकदा बजावलं की बास. माझं मन उलटून बोलत नाही."

मी म्हणायची, "दादा, तुझं मन वहिनीसारखं आहे. उलटून बोलत नाही, हवं ते करून मोकळं होतं."

उपवासाच्या शुक्रवारी मांस खायचं नसतं. बाकीचे लोक त्या दिवशी खाटकाच्या गल्लीतून जायचं टाळायचे. हा पठ्ठ्या मुद्दाम तिथे जाऊन, सॉसेजच्या माळांखाली उभा राहून, खाटकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. घरी येऊन सांगायचा, "नाकाला व्यायाम दिला." आणि मग कोबीबटाट्याचं ताट असं काही ओरपायचा की नेल वहिनीला पुन्हा चुलीवर भांडं चढवावं लागायचं.

मी सांगते ती गोष्ट एकोणीसशे अठ्ठावीस सालची. त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, दादा चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आला आणि म्हणाला, "नेल, मला एक डबा दे."

आता उपवासकाळातला डबा म्हणजे पोरांची गोष्ट. राखेच्या बुधवारपासून पोरांना कुणी गोळी दिली, चॉकलेट दिलं, की ते तोंडात नाही, पत्र्याच्या डब्यात टाकायचं. चाळीस दिवस. आई टोपण घट्ट बसवून डबा कपाटाच्या डोक्यावर ठेवते, जिथे खुर्चीवर चढूनही हात पोचत नाही. ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या, आदल्या शनिवारी दुपारी बाराचा ठोका पडला की उपवासकाळ संपतो, डबे खाली येतात, आणि मग चर्चसमोरच्या पटांगणात कुणाचा डबा किती भरला याच्या फुशारक्या सुरू होतात. मोठ्यांना डबा नसतो. मोठ्यांनी सोडायचं ते मुकाट्याने सोडावं.

"तुला कशाला डबा?" वहिनीने विचारलं.

"मी सिगार सोडली. कारखान्याकडून दर शनिवारी घरी न्यायला आठ सिगारी मिळतात. त्या डब्यात टाकणार."

"दिवसभर सिगारी वळायच्या, घरी त्यांचाच डबा भरायचा, आणि ओढायची एकही नाही?"

"त्यातच तर गंमत आहे."

वहिनीने बिस्किटांचा जुना डबा दिला. दादाने तो चुलीवरच्या फळीवर ठेवला, अगदी खुर्चीवर बसल्या बसल्या हात जाईल असा. आणि टोपण काढून तिला परत दिलं. "टोपण घाबरटांना लागतं," म्हणाला.

त्याची मुलगी फीन तिथेच उभी होती. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, आणि बाप म्हणेल ती पूर्व दिशा. ईस्टरनंतरच्या रविवारी तिला पहिला ख्रिस्तप्रसाद, येशू ज्यातून आपल्यात येतो तो पवित्र पाव, मिळायचा होता. वहिनी पांढरा झगा शिवत होती, मी बाह्यांना लेस लावत होते. फीनने वर कपाटाकडे पाहिलं. तिथे तिचा डबा होता, टोपण लावलेला.

"बाबा, माझाही खाली ठेवा. टोपण नको."

"वा! माझी लेक शोभतेस!" दादाची छाती अशी फुगली की वेस्टकोटाच्या गुंड्यांची मला काळजी वाटली.

"अरे लेकरू आहे ते," वहिनी म्हणाली.

"लेकरू कुणाचं आहे?"

झालं. दोन उघडे डबे फळीवर शेजारी शेजारी बसले.

दुसऱ्या आठवड्यात आमचे फादर सिमोन्स घरोघरी भेटी द्यायला निघाले ते आमच्याकडेही आले. गोलमटोल, दमेकरी, बोलायला मोठे मिश्कील. त्यांची नजर फळीवर गेली. दादाने अर्थातच संधी सोडली नाही, सगळं साग्रसंगीत सांगितलं.

फादर कॉफी ढवळत म्हणाले, "टिनुस, मला तुझा हेवा वाटतो बाबा. तीस वर्षं पाद्री आहे मी, आणि उपवासकाळात माझ्या दारूच्या कपाटाची किल्ली स्वयंपाकीणबाईच्या कमरेला असते. मीच दिलीय. परत मागितली तर देऊ नको असंही सांगितलंय."

दादाने चेहरा असा केला की जणू फादरांची त्याला कीव आली.

"मोहाशी कुस्ती खेळायची नसते," फादर पुढे म्हणाले. "तो समोर दिसला की रस्ता बदलायचा. देवाने पाय कशाला दिलेत?"

"पळायचं काम माझं नाही, फादर."

"आपल्या मनोऱ्यावर कोंबडा का बसवलाय, ठाऊक आहे?"

"वारा कुठला ते कळायला."

"येशूच्या शिष्याची, पेत्राची आठवण म्हणून. सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, असं छाती ठोकून तोच म्हणाला होता. आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखतही नाही."

दादाने क्षणभर विचार केला. मग म्हणाला, "पेत्र कोळी होता, फादर. सिगार वळणाऱ्याची बोटं कधी थरथरत नाहीत."

फादर इतके हसले की त्यांना दम लागला. पण निघताना दारात वहिनीला हळूच म्हणाले, "पोरीचा डबा तरी वर ठेवा." वहिनीने ठेवलाही. संध्याकाळी दादाने तो परत खाली काढला.

आता माझ्या वाटणीचं ऐका. फळी पुसायचं काम माझं. दर सोमवारी मी दादाचा डबा उचलायची, खालची धूळ पुसायची, डबा ठेवायची. चौथ्या सोमवारी माझ्या लक्षात आलं की डब्यात सिगारी वाढतायत, पण डबा काही जड होत नाहीये. आणि घरामागच्या बकरीच्या खोपटीतून उत्तम तंबाखूचा वास येतोय. आमच्या बकरीला बरेच वाईट नाद होते, पण हा नव्हता.

गुरुवारी दुपारी कारखाना लवकर सुटला तेव्हा मी दादाच्या पाठोपाठ खोपटीत गेले. दादा उपड्या बादलीवर बसला होता, आमच्या वडिलांचा जुना पाइप तोंडात. मांडीवर कारखान्याची छोटी सुरी, आणि एक सिगार उभी चिरलेली, पोट रिकामं.

"अगं बाई!" मी म्हणाले. "'माझं मन उलटून बोलत नाही' ना?"

तो दचकला, पण लगेच सावरला. "ही सिगार नाही. नीट बघ. हा पाइप आहे. मी सिगार सोडली. पाइपाचं मी देवाजवळ काही बोललो नव्हतो."

"आणि पाइपात काय आहे? पुदिना?"

"सुटी तंबाखू."

"सुटी कशी झाली बिचारी?"

 मग त्याने मला दाखवलं. काय सांगू तुम्हाला, मी थक्क झाले. वरचं पान न फाटता ओल्या बोटांनी उलगडायचं, पोटातली तंबाखू काढून घ्यायची, तिथे बकरीचं गवत ठासून भरायचं, आणि तेच पान पुन्हा गुंडाळून खळीने चिकटवायचं. सांधा दिसत नव्हता. एवढी कारागिरी, आणि कशासाठी, तर स्वतःलाच फसवण्यासाठी!

"दादा, सोडून दे ना सरळ. सगळ्यांना सांग, नाही जमलं. कुणी फासावर चढवणार नाही."

"आता? कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलोय की शनिवारी बाराला चर्चसमोर डबा उघडणार आणि सगळ्यांना एकेक देणार. वरच्या थरात खऱ्या ठेवल्यात मी. कुणाला कळणार नाही. तू बोलू नकोस म्हणजे झालं."

"मी? माझी जीभ माझ्या ताब्यात असते," मी म्हणाले. हसू नका. तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

खरं म्हणजे मला मजा वाटत होती. येता जाता त्याला टोमणे मारायची, "दादा, बकरीला खोकला झालाय का रे?" तो डोळे वटारायचा. या मजेत मी शेजारच्या डब्याकडे बघितलंच नाही, याचा मला आजही राग येतो. फीनच्या डब्यावर केव्हातरी टोपण आलं होतं. तिने स्वतःच लावलं होतं. आम्हा तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, का गं?

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी, पोरांची पहिली पापकबुली होती. फीनचं पोट दुखायला लागलं. वहिनीने गरम वीट फडक्यात गुंडाळून दिली, पण पोट काही थांबेना. सगळी पोरं जाऊन आली. संध्याकाळी मी तिच्या अंथरुणावर बसले आणि सहज म्हणाले, "फादर म्हणालेत, शनिवारी सकाळी ये."

"मी जाणार नाही."

"अगं, मग पुढच्या रविवारी ख्रिस्तप्रसाद कसा मिळणार?"

"तो पण नको. झगा लेनाला द्या." लेना म्हणजे शेजारची मुलगी. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "माझा डबा रिकामा आहे, आत्या. सगळं खाल्लं मी. एक खाल्लं, मग म्हटलं आता नाही, मग परत खाल्लं. बाबा तर त्यांच्या डब्याकडे बघतसुद्धा नाहीत. आणि मी टोपणवाली निघाले. येशू अशा मुलीकडे कशाला येईल?"

मी वळून पाहिलं. दादा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

तो पुढे आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चालतं गं, फीन. तू लहान आहेस."

"तुम्ही म्हणाला होतात, लेकरू कुणाचं आहे." आणि ती रडायला लागली. मोठ्याने नाही. आवाज न करता रडत होती, आणि ते मला बघवेना. दादा हात तसाच ठेवून उभा राहिला. मग खाली गेला. त्याला बोलायला एवढी सोपी जागा होती, आणि तो बोलला नाही. त्या रात्री मला माझा भाऊ आवडला नाही, स्पष्टच सांगते.

गुरुवारी चर्चच्या घंटा रोमला गेल्या, म्हणजे येशूच्या मरणाच्या शोकात त्या वाजवत नाहीत, आणि आम्ही पोरांना तसं सांगतो. शनिवारपर्यंत मनोरा मुका असतो. आमच्या घरातही तेच झालं. शुक्रवारी वहिनीने झगा घडी करून ठेवून दिला. दादा जेवला नाही, आणि खोपटीकडेही फिरकला नाही. मी एकदा फक्त म्हणाले, "दादा, शनिवारी एक तर कारखान्यात तुझं नाक राहील नाहीतर फीन चर्चमध्ये जाईल. दोन्ही नाही व्हायचं." तो म्हणाला, "कळतंय मला."

शनिवारी सकाळी फीन स्वयंपाकघरात पावाला लोणी न लावता तो चघळत बसली होती. दादाने फळीवरून स्वतःचा डबा काढला, टेबलावर ठेवला, खिशातून सुरी काढली. वरच्या सिगारी बाजूला सारून खालची एक उचलली आणि फीनसमोर उभी चिरली.

गवत.

दुसरी चिरली. गवत. तिसरी चिरताना त्याची बोटं थरथरत होती. मी पहिल्यांदाच ती थरथरताना पाहिली.

फीनने चिमटीत गवत घेतलं, वास घेतला. "हे आपल्या बकरीचं आहे."

"हो."

"आतलं कुठे गेलं?"

"मी ओढलं. खोपटीत. पाइपातून. दुसऱ्याच आठवड्यापासून." दादाचे कान लालभडक झाले होते. "तू निदान टोपण तरी लावलंस, फीन. मी गवत भरलं."

वहिनी हातातलं भांडं तसंच धरून उभी होती. मला वाटलं आता भडका उडणार. पण ती म्हणाली, "म्हणजे बकरीला चारा पुरत नव्हता तो यामुळे!" आणि तोंडाला पदर लावल्यासारखा एप्रन लावून ती परसात निघून गेली. बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

फीन हसली नाही. तिने विचारलं, "फादरना सांगितलंत?"

"अजून नाही. भीती वाटते."

"मला पण."

"मग जोडीने जायचं का?"

तिने विचार केला. "आधी तुम्ही जायचं," म्हणाली. मग खुर्चीवर चढून तिने स्वतःच्या डब्याचं टोपण काढलं आणि बापाच्या डब्यावर दाबून बसवलं. माप जरा लहान पडलं, एका बाजूने उचकलेलंच राहिलं.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. दादा पापकबुलीच्या लाकडी कपाटात गेला आणि थोड्या वेळाने आतून फादर सिमोन्सना खोकल्याची अशी उबळ आली की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांचा दमा मला ओळखीचा आहे. तो खोकला नव्हता. दादा बाहेर आला तो मान खाली घालून, पण हलका होऊन आला. मग फीन गेली. आत काय बोलली ते विचारायचं नसतं, पण तिने बाहेर आल्यावर आपणहून सांगितलं.

"गोळ्या खाल्ल्या ते फार मोठं नाही म्हणाले. पोट दुखतंय म्हणून खोटं बोलले, ते चुकलं. आणि आत्या, फादर म्हणाले, ज्याला भूक लागते त्यालाच जेवायला बोलावतात. पोट भरलंय म्हणणाऱ्याला कोण बोलावेल?"

"मग पुढच्या रविवारी?"

"झगा लेनाला दिला नाही ना अजून?"

मी डोळे पुसले. हो, पुसले, त्यात लपवायचं काय आहे.

बाराला मनोऱ्यावरून ठोके पडले आणि पटांगणात नुसता कल्ला झाला. पोरांचे डबे उघडले, पुरुषांच्या पाइपांचा धूर निघाला. कारखान्यातली माणसं दादाभोवती जमली. त्याच्या शेजारच्या बाकावर बसणारा गील सगळ्यात पुढे. "काढा डबा, संतमहाराज! आम्हा पापी लोकांना प्रसाद द्या!"

दादाने ते तिरकं टोपण काढलं. वरचा थर खऱ्या सिगारींचा होता. त्यातल्या वाटल्या असत्या तर दहाबारा जणांचं भागलं असतं, आणि आजतागायत कुणाला पत्ता लागला नसता. फीन त्याच्या शेजारी उभी होती. ती वर त्याच्या तोंडाकडे बघत होती. दादाने वरच्या सिगारींखाली बोटं घातली, तळाची एक काढली आणि गीलच्या हातात ठेवली.

गीलने ती नाकाखाली फिरवली, पारख्यासारखी मान हलवली, टोक कापलं आणि काडी लावली. फर्रकन ज्योत उठली! गीलची अर्धी मिशी गेली, आणि पटांगणभर जळक्या गवताचा वास पसरला.

"गवत आहे," दादा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्याच्याने नाही राहवलं. तंबाखू मी ओढली, गवत भरलं. वरच्या तेवढ्या खऱ्या आहेत, त्या घ्या."

क्षणभर कुणाला कळेना. मग जे हसू फुटलं ते विचारू नका. गील मिशी चाचपत म्हणाला, "मेल्या, वळलीस मात्र झकास!" आणि तिथल्या तिथे बारसं झालं. गवत्या टिनुस. पुढे चाळीस वर्षं त्याने ते नाव निमूटपणे वापरलं. दारूच्या दुकानासमोरून जायचं टाळून कुणी लांबच्या वाटेने गेला आणि पोरं त्याला हसली, तर दादा पोरांवर ओरडायचा, "गप्प बसा रे, शहाणा माणूस आहे तो!"

ईस्टरनंतरच्या रविवारी फीनने ख्रिस्तप्रसाद घेतला. बाह्यांची लेस एका बाजूला थोडी वर गेली होती, ती माझी चूक.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी दादा कपाळावर राख घेऊन घरी आला आणि न सांगता दोन डबे घेऊन बसला. दोन्हींना टोपणं लावली, दोन्ही दोरीने करकचून बांधले. मग टेबलावर खुर्ची ठेवून त्यावर फीनला उभं केलं आणि खुर्चीचे पाय धरून राहिला. तिने दोन्ही डबे कपाटाच्या डोक्यावर ठेवले.

"पुरे का, बाबा?"

दादाने वर पाहिलं. "माझा अजून आत सरकव," म्हणाला. "माझा हात तुझ्यापेक्षा लांब आहे."